ताई, तुझी चावून खायची प्रार्थना

ताई, काल गुरुवार होता आणि सभा आमच्याकडे होती. तू गेल्यानंतरची पहिली. काय झालं ते तुला सांगायलाच बसलेय, पण ते शेवटी सांगीन, कारण कुठलीही गोष्ट मधूनच उचललेली तुला खपायची नाही. "आधी काय होतं ते सांग," म्हणायचीस. तर घे, आधीपासून सांगते.

तुझ्या दफनानंतर चर्चमध्ये स्मरणाची उपासना झाली. लोक भरपूर आले होते. तुझ्याबद्दल बोलायला एकेक जण उठला आणि प्रत्येकानं शेवटी तेच वचन म्हटलं, मेंढपाळाचं, हिरव्या कुरणांचं. पहिल्याच्या वेळी डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याच्या वेळी मला तुझा आवाज ऐकू यायला लागला, "छान. आता याच्या मागच्या पानावर काय आहे ते कोणी सांगेल का?" आणि मला हसू फुटलं. पहिल्या बाकावर पांढऱ्या साडीत बसलेली मयताची सख्खी भावजय, आणि ती हसतेय. मी पदर तोंडावर धरला. विनयला वाटलं बायकोला हुंदका आला, त्यानं पाठीवर हात ठेवला आणि मग खरंच हुंदका आला. तुझ्या भावाला वेळ कधी साधत नाही, आणि साधली की अशी साधते.

बाहेर पडताना पाळकसाहेबांनी मला आणि विनयला बाजूला घेतलं. चांगल्या मनानंच म्हणाले, "गुरुवारच्या सभेचं काय करायचं? ताई होत्या तोवर ठीक होतं. आता तुम्ही चौघंच उरलात. शुक्रवारच्या मोठ्या सभेत मिसळून टाकू या का?" चौघं म्हणजे मी, विनय, आपले दानियेलकाका आणि नितीन. विनय म्हणाला, गुरुवारी बसून ठरवू. तेवढ्यात दानियेलकाका मध्ये बोलले, "ते ठरेल तेव्हा ठरेल. पण शेवटची प्रार्थना ताईंच्या जागी आता सुनीता करेल."

तुला माहीत आहे, मला चारचौघांत स्वतःच्या शब्दांत प्रार्थना येत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हाही येत नव्हती आणि पोरगी कॉलेजात गेली तरी येत नाही. माझी पाळी आली की मी पाठ असलेली प्रभूची प्रार्थना म्हणते, तीही सुपरफास्ट, आणि आमेन म्हणून चहा टाकायला पळते. आणि आता तुझी प्रार्थना करायची. ती तर कुणालाच येत नाही.

काय प्रार्थना होती गं तुझी. बाकीचे सगळे नोकरी मागायचे, पोरांचे व्हिसा मागायचे, गुडघे मागायचे. दानियेलकाका तर सोसायटीच्या पाण्याचं प्रेशर मागायचे. तू सगळ्यांचं सगळं नीट मागून घ्यायचीस, पाण्यासकट, आणि मग शेवटी एकच गोष्ट तुझी स्वतःची: "प्रभू, आम्हाला तुझं वचन चावून खायला शिकव. आम्ही गोळीसारखं गिळतो. भूक दे, दात दे, आणि घाई काढून घे." दर गुरुवारी हेच. काकांनी नवी कवळी बसवली त्या आठवड्यात ते म्हणाले, "ताई, पुढचा महिनाभर माझ्यासाठी जरा मऊ काहीतरी मागा." तू डोळे मिटलेले ठेवूनच हसलीस आणि म्हणालीस, "प्रभू, काकांना पेज दे, पण पेजेतली शितं काढू नकोस." नितीननं तिला नाव ठेवलं, ताईंची चावून खायची प्रार्थना. तेच राहिलं.

पण गुरुवारच्या वाचनाची सुरुवात कशी झाली हे लोक विसरले. मी विसरले नाही. त्याला कारण तुझा तो उद्योग.

आपल्या चर्चमध्ये नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासनेनंतर वचनपेटी फिरते. छोट्या छोट्या सुरळ्या, प्रत्येकीत एक वचन. एक उचलायची, तेच आपलं वर्षाचं वचन. लोक ते फ्रीजवर लावतात, मोबाइलवर ठेवतात, वर्षभर त्याच्याकडे बघत दिवस काढतात. सगळी वचनं अर्थातच गोड: मी तुझ्याबरोबर आहे, भिऊ नकोस, तुझी भरभराट होईल. दर वर्षी विकतच्या सुरळ्या यायच्या. त्या वर्षी कमिटीनं ठरवलं, करुणाताईंचं अक्षर सुंदर आहे, त्यांच्याकडून लिहून घेऊ. बिचारी कमिटी.

माझी सुरळी अजून लक्षात आहे. बापाची गाढवं हरवली म्हणून ती शोधायला निघालेल्या एका मुलाबद्दलची ओळ होती. बस, एवढंच. गाढवं हरवली. मी उलटीसुलटी करून बघितली, मागे काही आशीर्वाद लिहिलाय का म्हणून. शेजारी दानियेलकाका आपली सुरळी नाकाजवळ धरून बसले होते. त्यांना तो म्हातारा राजा आला होता, ज्याच्यावर कितीही पांघरुणं घातली तरी त्याला ऊब येत नव्हती. नितीन तेव्हा नवीन फ्लॅट बुक करणार होता, त्याला भिंतीवर हिरवट डाग पडलेल्या घराबद्दलचं वचन आलं. आणि पाळकसाहेबांना, ताई, खुद्द पाळकसाहेबांना आलं ते गाढव, जे आपल्या पाठीवरच्या संदेष्ट्याला तोंडावर सुनावतं.

चर्चच्या अंगणात नुसता कल्ला झाला. एकानं विचारलं हा काय प्रकार आहे, दुसरी म्हणाली माझ्या सुरळीत नुसतीच नावं आहेत, अमक्याचा मुलगा तमका. नितीनची बायको रडवेली झाली होती. विनय माझ्या कानात म्हणाला, "ताईनं कमिटीची पार वाट लावली." आणि तू उभी होतीस दाराशी, केकचा तुकडा खात, शांत. पाळकसाहेब आपली सुरळी घेऊन तुझ्याकडे आले. तू म्हणालीस, "यातलं एकही मी मनाचं लिहिलेलं नाही. सगळं त्यातलंच आहे. पुढे काय होतं ते घरी जाऊन बघा, म्हणजे कळेल कशाला लिहिलंय."

कमिटीनं तुला बोलावून समज दिली. पुढच्या वर्षीपासून सुरळ्या पुन्हा विकतच्या आल्या. पण त्या आठवड्यात काय झालं ते कमिटीला माहीत नाही. माझ्या गाढवांचं काय झालं हे मला झोपू देईना. मी पान शोधलं, वाचलं, आणि वाचतच गेले. गाढवं शोधायला गेलेला तो पोरगा राजा होऊन परत येतो, आणि घरी आल्यावर काकाला फक्त गाढवं मिळाली एवढंच सांगतो, राजा झाल्याचं सांगतच नाही. लहानपणापासून चर्चमध्ये बसलेली मी, मला हे माहीतच नव्हतं. नितीननं त्याचा डागवाल्या घराचा सगळा अध्याय वाचला. आमच्या घरी येऊन म्हणाला, "अहो, याजक स्वतः येऊन भिंत बघतो, मग घर बंद ठेवतो, मग परत येऊन बघतो, मग खरवडून काढतो. आमचा बिल्डर फोनपण उचलत नाही." आणि त्यानं खरंच तो फ्लॅट जाऊन नीट पाहिला. डाग नव्हते. पण पहिल्यांदा त्यानं कपाटामागची भिंत बघितली, आणि ते त्याला या पुस्तकानं शिकवलं याचं त्याला फार कौतुक वाटलं. मग तो म्हणाला, हे सगळं एकत्र बसून वाचू या ना ताई, पहिल्यापासून.

तीच ही सभा. आळीपाळीनं एकेकाच्या घरी, ओळीनं वाचायचं, एकही ओळ गाळायची नाही. जो अवघड नावं गाळून पुढे पळेल त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा, हा तुझा नियम. त्या नियमामुळे विनय चहा करायला शिकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला ते जमलं नव्हतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते आता मानते.

चर्चच्या सहलीला आपण मनोरीला निघालो होतो ते आठवतं? मार्वेला जेट्टीवर होडीत बसलो, पाणी जरा हलत होतं, बायका एकमेकींना धरून बसल्या होत्या, आणि तू पिशवीतून पुस्तक काढून वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट वाचायला लागलीस. मोठ्यानं. आत पाणी भरतंय, आणि गुरू उशीवर डोकं ठेवून झोपलाय. मी तुझा हात धरून म्हटलं, "ताई, किनाऱ्यावर वाच ना गं." तू म्हणालीस, "किनाऱ्यावर काय कळणार यातलं?" मनोरीला उतरेपर्यंत कोणी तुझ्याशी बोललं नाही. उतरल्यावर होडीवाला मात्र विचारत होता, मग उठला का तो झोपलेला? तू त्याला तिथेच वाळूत उभी राहून पूर्ण गोष्ट सांगितलीस आणि आमची बस सुटता सुटता राहिली.

आता ते भांडण. ते टाळून पुढे गेले तर तूच मला चहा करायला लावशील.

आमच्या पोरीला, रियाला, डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स उतरत होत्या, विनय रक्तासाठी घाटकोपरपासून फोन फिरवत होता, मी घरी तिचे कपडे घ्यायला आले होते आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर उभी होते. त्या महिन्याच्या पानावर एक वचन होतं, छापील, खाली गुलाबाच्या फुलांचं चित्र. मी तेवढं एकच वाचत होते. परत परत. तेवढ्यावर मी उभी होते. तू आत आलीस, बघितलंस आणि अगदी हळू विचारलंस, "याच्या पुढची ओळ वाचलीस का?" मी फिरले आणि म्हटलं, "तुझी पुढची ओळ ठेव तुझ्याजवळ. बुडणाऱ्याला दोरी टाकतात ताई, दोरी कुठे वळली ते सांगत बसत नाहीत."

रिया बरी होऊन घरी आली तरी आपण बोलत नव्हतो. एकाच बिल्डिंगमध्ये, तू तळमजल्यावर आणि मी दुसऱ्या, आणि विनय बिचारा आमटीची वाटी घेऊन जिन्यातून वरखाली. मग एक दिवस तू स्वतः वर आलीस, ओले बोंबील घेऊन, साफ केलेले. साफ केलेले म्हणजे तू खरंच शरण आली होतीस, कारण बोंबलाला हात लावायला तुला किळस यायची. दारातच म्हणालीस, "दोरीचं तू म्हणालीस ते बरोबर आहे. विचारही करून बघितला. पण सुनी, किनाऱ्यावर आल्यावर तरी विचारशील ना, कुणी टाकली म्हणून?" मी म्हटलं, आधी आत ये, मासा उन्हात ठेवू नकोस. त्या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नाही. माझं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. गुलाबाच्या फुलांवरच्या त्या एका ओळीनं मला धरलं होतं, आणि जिनं धरलं तिच्याबद्दल मी वाकडं ऐकून घेणार नाही. तूही तुझं सोडलं नसतंस. आपण दोघी तिथेच थांबलो, आणि तुझ्याशिवाय हे भांडण पुढे न्यायला मला कोणी नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळी सातला बेल वाजली की अजून माझ्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडते. तुझी वेळ ती. पहाटे वाचायचीस आणि सातला वर यायचीस, प्रश्न घेऊन. मी डबे भरतेय, कूकर शिट्ट्या मारतोय, विनयचा मोजा सापडत नाहीये, आणि तू ओट्याला टेकून विचारतेयस, "सुनी, तो बुटका जकातवाला झाडावर चढला. एवढा पैसेवाला माणूस, लोक हसले नसतील का गं त्याला?" मी म्हणायचे, "ताई, मला ट्रेन आहे." आणि घाटकोपरच्या शाळेच्या ऑफिसात पोचेपर्यंत तोच डोक्यात. हसले असतील ना. उतरताना चप्पल निसटली असेल का. चावून खाणं म्हणजे काय हे तू मला कधी समजावलं नाहीस, नुसती सकाळी सातला बेल वाजवलीस. आता त्या वेळेला दूधवाला येतो. मी दार उघडते आणि क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहते, हा काय विचारणार म्हणून.

मग तो दवाखाना. तू ॲडमिट झालीस तेव्हा आपल्या वाचनात निवासमंडप आला होता. रानात उभारायचा तो तंबू, त्याचे पडदे, आकड्या, फळ्या, खांब. मी तुझ्या खाटेशी बसले आणि मेंढपाळाचं स्तोत्र काढलं. आजारी माणसाला दुसरं काय वाचायचं? तू डोळे उघडून म्हणालीस, "हे कुठून आलं मध्येच? आपण पडद्यांवर होतो ना?" मी म्हटलं, "ताई, पडदे एकदा वाचून झालेत. आधी सगळं सांगून झालंय, आता तेच्या तेच परत आहे, शब्दाला शब्द. कोण वाचणार?" तू उशीवरून म्हणालीस, "आधी सांगितलं होतं. आता ते करतायत. मध्ये सोन्याचं वासरू करून, त्यालाच देव म्हणून, केवढा घोळ घातला होता त्यांनी, आठव. तरी मंडप होतोय. म्हणून मला परत ऐकायचंय."

मी वाचायला लागले. पडदा इतके हात लांब, इतके हात रुंद, त्याला इतक्या आकड्या. तिसऱ्या-चौथ्या पडद्याला शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "गो बाय, ह्यो खंयचो मांडव?"

परबमावशी. भांडुपच्या, मूळच्या मालवणकडच्या. पाय मोडून पडल्या होत्या. त्यांचे यजमान गिरणीत होते आणि गिरणी सुटल्यावर मांडवाचं काम करायचे, गणपतीचे, लग्नाचे. तू उठून बसायला लागलीस. मी म्हटलं, पडून राहा. तू म्हणालीस, "अगं, त्या विचारतायत." आणि तू त्यांना पहिल्यापासून सांगितलंस, गुलामीतून सुटलेले लोक, रान, आणि देवासाठी हलवता येईल असं घर. परबमावशी ऐकून म्हणाल्या, "म्हणजे खुटे काढून हलवूचो मांडव. आणि कापाड कोणी विणल्यान?" मी पान मागे उलटलं. बायकांनी. हातानं सूत कातून आणलं होतं, लिहिलेलंच आहे. मी ते याआधीही वाचलं होतं आणि गोळीसारखं गिळलं होतं. मावशी म्हणाल्या, "बायलांनीच म्हणा ना. मगे फुडे?"

रोज भेटीच्या वेळेत मी वाचायचे आणि तुम्ही दोघी एकमेकींकडे बघून माना डोलवायचात, लग्नघरातल्या दोन थोरल्या जावांसारख्या. नर्सनं एकदा येऊन सांगितलं, जरा हळू बोला. तू तिलाच विचारलंस, "सिस्टर, सोन्याच्या कड्या असलेला तंबू बघितलाय का कधी?" मी दवाखान्यात इतकी कधी हसले नव्हते. मरणाच्या दारात माणूस अशी मजा करतं हे मला तुझ्याकडे बघून कळलं. परबमावशींना घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी माझा नंबर मोबाइलमध्ये घालून घेतला. तुला म्हणाल्या, "माका शेवट ऐकूचो आसा हां. तो सांगल्याशिवाय खंय जाव नको." तू म्हणालीस, नाही जाणार. तू आयुष्यात मोडलेला शब्द बहुतेक हाच. मंडप उभा राहायच्या आधीच गेलीस.

चार दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. "बायचा कसा काय? मांडव झालो काय?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमी गुरवारी बसतास मां?" मी हो म्हटलं. त्यांनी पत्ता विचारला, मी दिला, फोन ठेवला आणि विसरून गेले. प्लॅस्टर निघालेला पाय, भांडुपहून मुलुंड, आमच्याकडे लिफ्ट नाही. कोण येतंय.

तर काल. काका आले, नितीन आला. पाळकसाहेबही आले, कारण ठरवायचं होतं. मी चिवडा केला होता, तुझ्या पद्धतीनं, खोबऱ्याचे काप जास्त घालून. कोणी खाईना. तुझी नेहमीची खुर्ची मी आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती, तरी सगळे त्या जागेच्या कडेकडेनं बसले. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आधी प्रार्थना करू या, मग त्या विषयाकडे वळू." तेवढ्यात बेल वाजली आणि दारात परबमावशी. एका हातात काठी, दुसरा हात भाच्याच्या खांद्यावर, कपाळाला कुंकू, धापा टाकत. मी त्यांना बसवायला आतून तुझीच खुर्ची आणली, दुसरी नव्हतीच. त्या बसल्या आणि जागा भरली.

मी डोळे मिटले. ताई, मी प्रयत्न केला. म्हटलं, "प्रभू, आमची ताई जे मागायची ते मला मागता येत नाही. ती भूक मागायची. मला भूक नाही. तू तिला घेऊन गेलास आणि मला पुस्तक उघडावंसंही वाटत नाही. मी तुझ्यावर रागावलेय, हे तुला सांगितलेलं बरं. आता तूच बघ." आणि पुढे काही सुचेना. आमेनपर्यंत पोचायचं कसं तेच कळेना. सगळे डोळे मिटून वाट बघतायत, पंखा फिरतोय.

परबमावशींना आमेनची वाट बघायची असते हे कुठे माहीत होतं? त्या म्हणाल्या, "झाला मां बाय तुझा? मगे वाच आता. मी त्यासाठीच जिने चढलंय."

काकांनी घाईघाईनं आमेन म्हणून टाकलं. नितीन हसला, मग विनय, मग पाळकसाहेबसुद्धा. मी नाक पुसलं आणि वाचायला लागले. फळ्या उभ्या केल्या, खांब बसवले, पडदे टांगले, आणि मावशी प्रत्येक वस्तूला मान डोलवून हं म्हणत होत्या, काही चुकलं तर टोकतील अशा थाटात. थोडं विनयनं वाचलं, मधल्या एका नावाला अडखळला आणि आपणहून उठून चहा टाकायला गेला. मंडप उभा राहिला, ढग येऊन त्याच्यावर थांबला, आणि बायबलमधलं ते एक पुस्तक संपलं. मावशी म्हणाल्या, "उबो रवलो एकदाचो. त्या बायक सांगूक होया होता." मग त्यांना रडू आलं आणि आम्ही सगळेच रडलो, चिवडा खात खात.

त्यांच्या घरी गणपती आहे, पुढच्या वर्षीही असणार आहे, आणि त्यांना इथे यायला कोणी सांगितलेलं नाही. तू इतकी वर्षं आमच्यासाठी जी भूक मागत होतीस ती मला काल त्यांच्या तोंडावर दिसली. वाचता वाचता थोडी मलाही लागली. एवढं बस आहे.

सभा बंद करायची की चालू ठेवायची हा विषय निघालाच नाही. पाळकसाहेबांनी चपला घालताना एकदा तोंड उघडलं, मग चिवड्याचं कौतुक केलं आणि गेले. परबमावशी भाच्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. खालच्या वळणावर थांबून त्यांनी वर बघितलं.

"फुडच्या गुरवारी खंय?"

"दानियेलकाकांकडे," मी म्हटलं. "त्यांच्याकडे लिफ्ट आहे."